फोनमधला 'तांबेरा': सी प्लस प्लसच्या जुन्या कोडमध्ये गुगल रस्ट भाषा का मिसळतंय?

सीसीआयला कापूस विकायचा तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी. पेरा सातबाऱ्यावर चढवायचा तर ई-पीक पाहणी अ‍ॅप. यवतमाळच्या शेतकऱ्याचं आधार, बँक खातं, शेतीची नोंद असं बरंच काही आता त्याच्या अँड्रॉइड फोनमधून जातं. म्हणून त्या फोनच्या पोटात काय बदलतंय, हा फक्त इंजिनिअर मंडळींचा विषय राहिलेला नाही.

अँड्रॉइडचा पाया मुख्यतः सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. या भाषा वेगवान, पण मेमरी सांभाळायची जबाबदारी प्रोग्रामरवर. सोडून दिलेल्या जागेला पुन्हा हात लावला किंवा दिलेल्या जागेबाहेर लिहिलं, की हॅकरला दार उघडं. २०१५ मध्ये सापडलेली 'स्टेजफ्राइट' ही त्रुटी अशीच. एका एमएमएसमधून फोनचा ताबा घेता येत होता आणि सुमारे ९५ कोटी फोन धोक्यात असल्याचा अंदाज होता.

यावर उतारा म्हणून गुगलने २०२१ मध्ये अँड्रॉइडसाठी रस्ट भाषा स्वीकारली. ग्रेडन होअर यांनी तिला रस्ट नावाच्या चिवट बुरशीचं नाव दिलं. म्हणजे आपला तांबेराच! रस्टचा नियम सातबाऱ्यासारखा आहे, फक्त सामायिक खातेदार चालत नाहीत. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी मालक एकच. इतरांना ती उसनी मिळते. नुसती पाहायला कितीही जणांना, बदल करायला मात्र एकालाच. नियम मोडला तर प्रोग्राम तयारच होत नाही.

मग सगळं रस्टमध्ये का लिहीत नाहीत? कोट्यवधी ओळी नव्याने लिहायला वर्षं जातील, हे एक कारण. दुसरं जास्त रंजक आहे. गुगलच्या २०२४ च्या विश्लेषणानुसार त्रुटी नव्या कोडमध्ये जास्त असतात. पाच वर्षं जुन्या कोडमध्ये त्यांचं प्रमाण ३.४ ते ७.४ पट कमी आढळलं. म्हणून जुना वाडा तसाच ठेवायचा, नवी खोली रस्टची बांधायची. अँड्रॉइडच्या एकूण सुरक्षा त्रुटींमध्ये मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, २०२४ मध्ये तो २४ टक्क्यांवर आला.

खरी डोकेदुखी वाडा आणि खोली जोडणाऱ्या दारात आहे. सी प्लस प्लसमध्ये एक क्लास दुसऱ्याचे गुण वारशाने घेतो. रस्टमध्ये असा वारसाच नाही. दोघांमध्ये दुभाषा कोड लागतो आणि पलीकडचा माल रस्टला तपासता येत नाही. तिथे प्रोग्रामर 'अनसेफ' असा शिक्का मारून हमी स्वतःवर घेतो. हा पूल सुधारावा म्हणून गुगलने २०२४ मध्ये रस्ट फाउंडेशनला १० लाख डॉलर दिले.

पण फायदा पोहोचतो तो नव्या आवृत्तीतून आणि अपडेटमधून. स्वस्त फोनना अपडेट मिळणं बरेचदा लवकर थांबतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'पीएम किसान'ची बनावट एपीके फाइल कुणी स्वतःच्या हाताने इन्स्टॉल केली, तर रस्टही काही करू शकत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर नवी खोली त्या फोनपर्यंत आलेलीच नाही.