विश्लेषण : शेतात रॉकेटचा तुकडा पडला तर दाद कोणाकडे मागायची?

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्याने शेळी नेली, तर पुढे काय करायचे हे अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वन विभागाला कळवायचे, पंचनामा करून घ्यायचा आणि भरपाईच्या मागे लागायचे. तीच शेळी आकाशातून पडलेल्या रॉकेटच्या तुकड्याखाली सापडली तर? प्रश्न विनोदी वाटेल, पण चार वर्षांपूर्वीपर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यालाही तो विनोदीच वाटला असता. अशा तुकड्याचा मालक कोण, हे ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. ती कोण ठेवते, तिचा कितपत उपयोग होतो आणि ती नेमकी कुठे अपुरी पडते?

सिंदेवाहीत काय घडले होते?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग पाहिली आणि मोबाइलवर टिपली. कोणाला उल्का वाटली, कोणाला विमान. त्याच वेळी सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या आणि काही दिवसांत ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ पाहणीसाठी आले.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री अंदाज वर्तवला होता, की हा चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या रॉकेटचा हा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि त्याच सुमारास तो वातावरणात शिरेल असे गणित होते. त्याचा मार्गही लोकांनी पाहिलेल्या रेषेशी जुळत होता.

नोंदवही कोणाची, तीत काय लिहितात?

अवकाशात वस्तू सोडणाऱ्या देशांनी तिची माहिती संयुक्त राष्ट्रांना द्यावी, ही प्रथा १९६१ च्या आमसभेच्या ठरावातून ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. पुढे नोंदणी करार झाला आणि १५ सप्टेंबर १९७६ पासून तो लागू झाला. भारत आणि चीन दोघेही त्याचे सदस्य आहेत. नोंदवही संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्ना येथील बाह्य अवकाश व्यवहार कार्यालयात ठेवली जाते. तिथले काम एखाद्या तलाठी कार्यालयाची आठवण करून देणारे आहे. सोडणाऱ्या देशाचे नाव, वस्तूचा क्रमांक, सोडल्याची तारीख आणि ठिकाण, कक्षेचे मूलभूत आकडे आणि सर्वसाधारण उपयोग, एवढीच माहिती कराराने मागितली आहे. देश ती राजनैतिक मार्गाने पाठवतो, कार्यालय तिला दस्तऐवज क्रमांक देऊन प्रसिद्ध करते. सातबाऱ्याशी हे साम्य इथेच संपते, कारण पाठवलेली माहिती खरी आहे का, हे तपासण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही. ती किती दिवसांत पाठवायची याचीही मुदत नाही. ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच करार म्हणतो, आणि प्रत्येक देश त्याचा सोयीने अर्थ लावतो.

तरीही आजवर अवकाशात गेलेल्या उपग्रह व यानांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक नोंदले गेले आहेत. हे प्रमाण कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराला हेवा वाटावा असे आहे. अडचण दुसरीकडे आहे. हे प्रमाण उपग्रहांचे आहे, आणि खाली पडतात ते बहुधा रॉकेटचे टप्पे व सुटे भाग. अमेरिकेसारखे देश निकामी टप्प्यांचीही नोंद करतात, तर अनेक देश फक्त उपग्रह कळवून थांबतात. म्हणजे ज्या वस्तूची ओळख शेतकऱ्याला लागणार, तीच नोंदवहीत सापडेल याची खात्री नाही.

मग कडीची ओळख पटली कशी?

नोंदवहीवरून नव्हे, तर पाळतीवरून. अमेरिकी लष्कराचे रडार कक्षेतील वस्तूंचा सतत माग ठेवतात आणि त्या यादीचा मोठा भाग सर्वांना पाहता येतो. प्रत्येक वस्तूला एक आंतरराष्ट्रीय क्रमांकही मिळतो. भारताच्या ‘आर्यभट्ट’चा क्रमांक १९७५-०३३ए. म्हणजे १९७५ सालचे ३३ वे प्रक्षेपण आणि त्यातली पहिली वस्तू. त्याच प्रक्षेपणातील रॉकेटचे टप्पे आणि तुकडे यांना पुढची अक्षरे मिळतात. पडलेल्या वस्तूची वेळ आणि दिशा या यादीशी ताडून पाहिली की संशयित हाती लागतो. पण संशयित हाती लागणे वेगळे आणि देशाने ‘हो, आमचेच’ म्हणणे वेगळे. कराराच्या सहाव्या कलमात यावर उपाय आहे. नुकसान करणारी किंवा धोकादायक वस्तू ओळखता येत नसेल, तर पाळत यंत्रणा असलेल्या देशांनी विनंतीनुसार शक्य तेवढी मदत केली पाहिजे. भारतानेही या कामासाठी बेंगळूरुत ‘आयएस४ओएम’ नावाची यंत्रणा उभारली. तिचे उद्घाटन जुलै २०२२ मध्ये, म्हणजे सिंदेवाहीनंतर तीन महिन्यांनी झाले.

भरपाई देणार कोण, घेणार कोण?

१९७२ च्या दायित्व कराराचा नियम सोपा आणि कडक आहे. जमिनीवर झालेल्या नुकसानीला सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार. त्याची चूक होती की नव्हती, हे सिद्ध करावे लागत नाही. यात मृत्यू, इजा आणि मालमत्तेचे नुकसान, सारे येते. मात्र शेतकऱ्याने स्वतः दुसऱ्या देशाकडे मागणी करण्याची सोय या करारात नाही. त्याच्या वतीने त्याच्या देशाने राजनैतिक मार्गाने दावा करायचा, तोही नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून एका वर्षात. वाटाघाटी वर्षभरात फळल्या नाहीत, तर दावा आयोग नेमता येतो, पण दोन्ही देशांनी आधी मान्य केले असेल तरच त्याचा निर्णय बंधनकारक. शेळी कितीही मोलाची असली, तरी तिच्यासाठी परराष्ट्र मंत्रालय बीजिंगला खलिता पाठवेल का, हा प्रश्न कायद्याचा कमी आणि राजकारणाचा जास्त आहे.

या करारान्वये उघडपणे मांडल्या गेलेल्या दाव्याचे ठळक उदाहरण एकच. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत युनियनचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे विखुरले. कॅनडाने सफाईच्या खर्चापोटी सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. एवढा मोठा देश, एवढे स्पष्ट नुकसान, तरी हाती पडले ते निम्मेच.

सिंदेवाहीत इजा झाली नाही, त्यामुळे भरपाईच्या तरतुदी तिथे कसोटीला लागल्या नाहीत.

भारताचाही तुकडा परक्या किनाऱ्यावर…

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेडजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक मोठा दंडगोल वाहून आला. काही दिवस जगभर तर्क चालले. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने महिनाअखेरीस सांगितले, की तो भारताच्या ‘पीएसएलव्ही’चा तिसरा टप्पा असण्याची सर्वाधिक शक्यता आहे. अशा वेळी १९६८ चा बचाव करार लागू होतो. वस्तू सापडलेल्या देशाने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवायचे, मागणी आल्यास वस्तू परत करायची आणि त्याचा खर्च सोडणाऱ्या देशाने उचलायचा.

भारताला या नियमांचा विचार आता दोन्ही बाजूंनी करावा लागतो. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘पीएसएलव्ही-सी३७’ने १०४ उपग्रह सोडले, त्यांतले १०१ परदेशी होते. करारानुसार ज्याच्या भूमीवरून प्रक्षेपण होते तो देशही ‘सोडणारा देश’ ठरतो. उपग्रहाची नोंद दुसऱ्याच देशाने केली, तरी जमिनीवरील नुकसानीच्या दायित्वातून भारत सुटत नाही. खासगी कंपन्यांनी सोडलेल्या वस्तूंचेही तेच. त्यांना परवानगी देण्याचे काम ‘इन-स्पेस’ करते, २०२३ चे अवकाश धोरणही आहे, पण नुकसान झाल्यास कंपनीने किती भार उचलायचा हे पक्के करणारा संसदेचा कायदा लागतो. त्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे आला होता.

गावात काय करायचे?

आंबेगाव तालुक्यात असा तुकडा पडला, तर पहिली खबर पोलीस पाटील आणि मंचर पोलिसांना, तिथून घोडेगावला तहसीलदारांकडे आणि पुढे पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. ‘इस्रो’, परराष्ट्र मंत्रालय आणि व्हिएन्ना त्यानंतर. वस्तूला हात लावू नये. रॉकेटच्या लहान टाक्यांत हायड्राझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. ती भंगारात विकण्याचा मोह तर टाळावाच, कारण कायद्याने ती सोडणाऱ्याच्याच मालकीची राहते. जागेवरून न हलवता फोटो, वेळ, दिशा आणि नुकसानीचा पंचनामा, एवढे झाले तर पुढच्या दाव्याला आधार मिळतो. मात्र केंद्राच्या आपत्ती मदत निधीच्या अधिसूचित यादीत गारपीट, पूर, आग, टोळधाड आहे, पण अवकाशातून पडणारा कचरा नाही. बिबट्याने नेलेल्या शेळीसाठी वन विभागाकडे दर ठरलेला आहे. रॉकेटखाली सापडलेल्या शेळीचा अर्ज तहसील कार्यालयाने कोणत्या लेखाशीर्षात घ्यायचा, हे अजून कोणी ठरवलेले नाही.