मात्रा एक, रुग्ण अनेक

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या, रोगाच्या एकाच अवस्थेत असलेल्या दोन स्त्रियांना एकाच यंत्राखाली सारख्याच मात्रेचे किरण दिले, तरी पाच वर्षांनी त्यांतील एक आपल्या संसारात असते आणि दुसरी नसते. किरणोपचाराचे शास्त्र सव्वाशे वर्षांचे झाले. यंत्रे अशी अचूक झाली की, किरणांचा झोत गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटरही ढळू नये. पण या दोघींपैकी कोणती वाचेल, हे उपचारापूर्वी सांगण्याचे साधन अजून दवाखान्यांत रुळलेले नाही.

ही अनिश्चितता केवढी आहे, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयात या रोगाच्या पुढच्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरण दिलेल्या गटात पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शंभरात सुमारे ४४ होते. किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध दिलेल्या गटात ते ५२ झाले. औषध द्यावे, हा निष्कर्ष योग्यच होय. पण याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. शंभरातील ४४ जणींना औषधाचा त्रास बहुधा विनाकारण सोसावा लागणार, आणि ४८ जणींना किरण व औषध दोन्ही अपुरे पडणार. या ४४ कोणत्या आणि ४८ कोणत्या, हे आज कोणी बोट ठेवून सांगू शकत नाही. म्हणून सर्वांनाच सारखी मात्रा द्यायची, असा हा व्यवहार आहे.

पेशी किरणांना कशा जुमानतात याचे मोजमाप प्रथम झाले ते १९५६ मध्ये, अमेरिकेत. थिओडोर पक व फिलिप मार्कस यांनी काचेच्या बशीत सुट्या पेशी पसरल्या, त्यांवर क्ष-किरण सोडले आणि कितींच्या वसाहती उगवतात हे मोजले. ज्या पेशीची विभाजनाची शक्ती गेली ती मेली, मग ती दिसायला जिवंत का असेना, ही त्यांची कसोटी आजही प्रमाण मानली जाते. त्यांनी वापरलेल्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आलेल्या होत्या. बाल्टिमोरच्या रुग्णालयात तिला रेडियम देण्यात आले होते. त्याने तिचा रोग आवरला नाही आणि १९५१ च्या ऑक्टोबरात ती गेली. तिच्या पेशी घेताना तिला कोणी विचारले नव्हते. ज्या स्त्रीला किरणांचा गुण आला नाही, तिच्याच पेशींनी किरणांचे गणित जगाला शिकवले.

ते गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. एका चौकोनी सेंटिमीटरच्या नव्हे, एका घन सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी धरतात. रोजची प्रचलित मात्रा दोन ग्रे. एका दिवसाच्या मात्रेनंतर निम्म्या पेशी उरतात असे मानले, तर तीस दिवसांच्या उपचारानंतर हिशेबाने जेमतेम एक पेशी शिल्लक राहते. पण पन्नासऐवजी साठ टक्के पेशी उरत असतील, तर शेवटी दोनशेहून अधिक उरतात, आणि रोग उलटायला तेवढ्या पुष्कळ झाल्या. उलट चाळीसच टक्के उरत असतील, तर तीस दिवसांच्या कितीतरी आधीच काम झालेले असते. पुढचे किरण आतडी आणि मूत्राशय यांना भाजण्यापुरतेच उरतात. एका दिवसाच्या हिशेबात किरकोळ वाटणारा दहा टक्क्यांचा फरक महिन्याभरात जीवनमरणाचा होतो. म्हणून हा पूर्वअंदाज म्हणजे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचा निव्वळ छंद नव्हे.

अर्थात प्रत्यक्ष गाठ ही काचेची बशी नसते. किरणांनी पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. काही पेशी ते चटकन सांधतात, काहींना ते साधत नाही. शिवाय प्राणवायूचा प्रश्न आहे. ज्यांच्या नावाने मात्रेचे एकक ओळखले जाते त्या ग्रे यांनी १९५३ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, प्राणवायू न मिळणाऱ्या पेशींना मारण्यास जवळपास तिप्पट मात्रा लागते. आणि मोठ्या गाठीच्या आत अशा गुदमरलेल्या पेशी असतातच. मँचेस्टरच्या संशोधकांनी रुग्णांच्या गाठीतील पेशी वाढवून, दोन ग्रेनंतर किती तगतात ते मोजले. त्या मोजमापाचा रुग्णाच्या भवितव्याशी संबंधही दिसला. परंतु उत्तर यायला आठवडे लागत आणि काही गाठींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच नसत. उपचार तोपर्यंत थांबवणार कोण? पुढे फ्लोरिडातील मॉफिट केंद्राने दहा जनुकांच्या हालचालीवरून संवेदनशीलतेचा निर्देशांक काढण्याची पद्धत मांडली. ती जलद आहे, आशादायक आहे, पण सर्वत्र रूढ झालेली नाही.

घाई नको, हे सांगण्यास एक ताजे उदाहरण आहे. पॅपिलोमा विषाणूमुळे होणारा घशाचा कर्करोग किरणांना चांगली दाद देतो, हे २०१० पासून सर्वमान्य झाले. मग अशांना ७० ऐवजी ६० ग्रे पुरतील असा तर्क निघाला. अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये समोर आले, तेव्हा पूर्ण मात्रेच्या गटात दोन वर्षांनी रोग न बळावलेल्यांचे प्रमाण शंभरात ९८, तर कमी मात्रेच्या गटांत ९० च्या आसपास आढळले. समूहाचे भाकीत खरे होते; त्यावरून व्यक्तीची मात्रा कापणे मात्र महागात पडले.

आपल्याकडे धोका आणखी एक आहे. परदेशी नमुन्यांवर बेतलेला निर्देशांक तंबाखूने झालेल्या आपल्या तोंडाच्या कर्करोगाला लागू पडेलच असे नाही. तो येथील रुग्णांवर पारखल्याशिवाय वापरू नये, आणि त्यासाठी गाठीचे नमुने घेताना रुग्णाला मराठीत, समजेल असे विचारून घ्यावे. ‘या पेशी किरणांना जुमानणार नाहीत’ असा शेरा मात्रा वाढवण्यासाठी, औषधाची जोड देण्यासाठी वापरला जावा. खर्च नाकारण्याचे निमित्त म्हणून तो विमा कंपनीच्या किंवा सरकारी योजनेच्या कारकुनाच्या हाती पडणार नाही, याची तजवीज आधीच झाली पाहिजे.

आणि जे भाकीत आज, विनामूल्य, कोणत्याही यंत्राविना करता येते, त्याचे काय? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा किरणोपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. तो लांबला की उरलेल्या पेशी वाढू लागतात, आणि पुढच्या प्रत्येक दिवसागणिक यशाची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांचे सांगणे आहे. मराठवाड्यातून किंवा खानदेशातून आलेली बाई आठ आठवडे मुंबईत राहणार कोठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक. नाही तर परळचा पदपथ. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, घरी पेरणी खोळंबते, यंत्र चार दिवस बंद पडते, आणि बाई गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतते. तिच्या पेशींची संवेदनशीलता मोजण्याआधीच तिचे भवितव्य बरेचसे ठरून गेलेले असते.

जनुकीय निर्देशांकावर संशोधन झालेच पाहिजे आणि त्यासाठी पैसाही मिळाला पाहिजे. त्याचबरोबर किरणोपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने वर्षअखेर एक साधा आकडा जाहीर करावा, अशी आमची मागणी आहे: उपचार सुरू केलेल्या किती रुग्णांचा उपचार ठरल्या मुदतीत पुरा झाला, आणि ज्यांचा झाला नाही त्यांचा कशामुळे खंडित झाला. यंत्र बंद होते म्हणून, रक्त कमी होते म्हणून, की राहायला जागा नव्हती म्हणून.