थकवा म्हणजे आळस नव्हे

“दोन भाकरी पोटात गेल्या, तरी अंगात त्राण नाही,” असे शब्द आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येतात. बोलणारी बहुधा घरातील बाई असते, आणि तिला मिळणारे उत्तरही ठरलेले असते. “कामाचा कंटाळा, दुसरे काय!” हे उत्तर किती चुकीचे आहे ते समजावे, म्हणून आज आम्ही वाचक बंधू-भगिनींना शरीरातील एका अतिशय लहान भट्टीपाशी नेणार आहोत.

घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. तांबड्या रक्तपेशी सोडल्या, तर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक दाणे दिसतात. 1898 साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना मायटोकाँड्रिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत मायटोस म्हणजे धागा आणि काँड्रोस म्हणजे दाणा. आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. ज्या अवयवाला काम जास्त, तेथे हे दाणे जास्त. रात्रंदिवस चालणाऱ्या हृदयाच्या स्नायूपेशीत तर जवळपास एक तृतीयांश जागा यांनीच व्यापलेली असते. आपण श्वास घेतो तो या दाण्यांसाठी. छातीत शिरलेला प्राणवायू रक्तावाटे शेवटी येथेच पोहोचतो.

येथे काय होते? भाकरीतील पिठाची पोटात साखर होते. ती साखर पेशीत जाते आणि प्राणवायूच्या मदतीने जळते. पण हे जळणे चुलीतील लाकडासारखे भडकून होत नाही. तसे झाले असते तर नुसती उष्णता निघाली असती आणि पेशी भाजून गेली असती. येथे जळण अगदी पायरीपायरीने होते, आणि प्रत्येक पायरीवर एकेक विकर उभे असते. डॉक्टर मंडळी विकराला एन्झाइम म्हणतात.

स्लॅब टाकताना मजुरांची रांग आपण पाहिलीच आहे. घमेले या हातातून त्या हातात जात शेवटी वर पोहोचते. तंतुकणिकेच्या आतील पडद्यातही अशीच विकरांची रांग असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण ही रांग एकमेकांकडे देत जाते. रांगेच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनशी जोडला जातो आणि त्याचे पाणी होते.

या देवाणघेवाणीत जी शक्ती सुटते, तिच्यामुळे पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण साठत जातात, धरणात पाणी साठावे तसे. ते कण एका विकरातून परत खाली येताना ते विकर चाकासारखे फिरते आणि एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. ही धरणासारखी योजना इंग्लंडचे पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडली. सुरुवातीला अनेकांना ती पटली नाही, पण 1978 साली त्यांना त्याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

एटीपी म्हणजे शरीराची रोजची मजुरी. हात उचलायचा, डोळा मिटायचा, दूध पाजायचे, सगळे याच्यावर. मात्र ही मजुरी साठवून ठेवता येत नाही. मिळते आणि लगेच खर्च होते. दिवसभरात जेवढे एटीपी बनते आणि मोडते ते सारे मोजले, तर जवळपास आपल्या वजनाइतके भरते. साखरेच्या एका रेणूपासून प्राणवायूसह सुमारे 30 एटीपी मिळतात, प्राणवायूशिवाय फक्त 2. रांग नीट चालणे किती गरजेचे आहे ते यावरून दिसते.

आता मूळ मुद्दा. रांगेतील मजुराला हात हवेत, तसे या विकरांना लोह हवे. रांगेत सायटोक्रोम नावाची प्रथिने असतात. केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी 1925 साली त्यांचे काम उजेडात आणले. त्यांच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो आणि तोच इलेक्ट्रॉन घेतो व पुढे देतो. म्हणजे लोह केवळ रक्तासाठी लागते हे अर्धेच सत्य आहे. रक्तातील लोह प्राणवायू वाहून आणते आणि भट्टीतील लोह तो वापरते. लोह कमी पडले की दोन्हीकडे खोळंबा होतो.

1976 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात हे स्पष्ट दिसले. लोह कमी असलेल्या उंदरांचे रक्त बदलून त्यांचे हिमोग्लोबिन इतर उंदरांच्या बरोबरीला आणले. तरीही ते नीट धावू शकले नाहीत. लोह दिल्यावर मात्र थोड्याच दिवसांत धावू लागले. रक्त ठीक होते, उणीव स्नायूंतील विकरांची होती. माणसांचेही असेच. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांत चीक गोळा करणाऱ्या, रक्त कमी असलेल्या कामगारांना लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचे काम वाढले, असे 1979 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ते कामगार आळशी नव्हते, त्यांच्या अंगात लोह नव्हते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी देशात 57 टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. दर महिन्याला रक्त जाते, बाळंतपणात जाते, आणि सगळ्यांचे झाल्यावर तळाशी उरलेले कालवण तिच्या वाट्याला येते. भाकरीने पोट भरते, पण विकरांचे हात रिकामे राहतात.

म्हणून काही गोष्टी आजपासून सुरू कराव्यात. मटण, कलेजी, मासळी यांतील लोह अंगी चांगले लागते. घरात शिजेल तेव्हा त्यातील वाटा बाईच्या ताटात आधी पडावा. पालेभाजी आणि डाळीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तासभर तरी अंतर ठेवावे. उघड्या मातीत अनवाणी चालू नये, कारण आकडीकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात.

सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. स्त्रियांत ते 12 च्या आत आणि गरोदरपणी 11 च्या आत असेल तर कमी समजतात. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या घेतल्यावर शौच काळी होते. त्याला घाबरून गोळ्या टाकून देऊ नयेत. लहान मुलांच्या हाती मात्र त्या लागू देऊ नयेत, जास्त गेल्यास जिवावर बेततात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा घरातील माणसाने डॉक्टरांना विचारूनच लोह घ्यावे. आणि थकव्याबरोबर ताप, खोकला किंवा वजन घटणे असेल तर कारण वेगळे असू शकते. तपासणी टाळू नये.

घरातील बाई दमली म्हणाली, तर तिला टोमणा मारण्याआधी तिच्या ताटात काय पडले ते पाहावे. आम्ही तर म्हणू, ह्या रविवारी तिचे ताट सर्वांच्या आधी वाढावे, आणि सोमवारी तिला दवाखान्यात घेऊन जावे.