नवे प्लॅस्टिक येऊ द्या, पण कामगारांच्या पोटावर पाय नको!

प्लॅस्टिकला पर्याय हवा, याबद्दल कामगार चळवळीत दुमत असण्याचे कारण नाही. पिशव्यांनी तुंबलेली गटारे उपसणारा सफाई कामगार आमचाच आहे. कचऱ्याच्या डोंगरावर पेटलेल्या प्लॅस्टिकचा धूर सर्वांत आधी त्याच्याच छातीत जातो. म्हणून रसायनशास्त्राने दिलेल्या नव्या प्लॅस्टिकचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न एवढाच आहे की, या बदलाची किंमत कोणी मोजायची?

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. नेहमीची पिशवी पॉलिथिनची असते. तिच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो. ही साखळी जिवाणूंना सहजासहजी तोडता येत नाही. उसाची किंवा मक्याची साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करतात आणि त्याचे रेणू जोडून पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजेच ‘पीएलए’, तयार होते. त्यातील एस्टरचे जोड उष्णता व ओल मिळाली की सुटतात आणि उरलेले तुकडे जिवाणू खातात. मात्र त्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सियस उष्णता टिकवणारा खतप्रकल्प लागतो. उकिरड्यावर किंवा समुद्रात पीएलएचा कप वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकतो. ‘कुजणारे’ असा नुसता शिक्का मारून भागत नाही.

दुसरी अडचण कचरावेचकांची. पाण्याची नेहमीची बाटली ‘पेट’ची असते. पीएलएची बाटली दिसायला तशीच, आणि दोन्ही पाण्यात बुडतात. त्यामुळे हौदात टाकूनही वेगळ्या होत नाहीत. पीएलए १७० अंशांच्या आसपास वितळते, तर पेटला २५० च्या आसपास उष्णता लागते. भेसळ झाली की पुनर्वापराचा माल बिघडतो, आणि भाव पडतो तो कचरा वेचणाऱ्या बाईचा.

तिसरी गोष्ट कारखान्यांची. एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवरील बंदीची अधिसूचना १२ ऑगस्ट २०२१ रोजी निघाली आणि बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. कोणत्या वस्तू, किती मायक्रॉन, हे सारे तीत होते. त्या वस्तू बनविणाऱ्या कामगाराने उद्या काय करायचे, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

असा शब्द कायद्यात घालता येत नाही, असे कोणी म्हणू नये. ठरावीक माल तागाच्या पोत्यांतच भरण्याची सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा १९८७ साली झाला. ताग-उत्पादनात गुंतलेल्या लोकांचे हित हे त्याच्या उद्देशातच नमूद आहे. तागाला जे जमले, ते प्लॅस्टिकला का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नव्या मालावर दुरूनही ओळखू येईल अशी खूण सक्तीची करा. माल बाजारात येण्याआधी शहराशहरांत खतप्रकल्प उभारा. कारखाना बदलत असताना कामगारांना पगारी प्रशिक्षण आणि नव्या कामात पहिला हक्क द्या. कंत्राटी कामगारही त्यात धरा. कचरावेचकांना ओळखपत्र व ठरलेला मोबदला द्या. आणि हे सर्व त्रिपक्षीय समितीत, युनियनला समोर बसवून ठरवा.

पर्यावरण वाचलेच पाहिजे. पण ज्यांनी आजवर सर्वांचा कचरा उचलला, त्यांनाच कचऱ्यात काढून ते वाचणार नाही.