‘काही टाकू नकोस, मी आलो की बघतो’

यंदाच्या कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात धरून एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगत होते, “नागपूरचं घर आम्ही इथूनच आवरलं. सगळं व्हिडिओ कॉलवर!” ‘आम्ही’ म्हणजे कोण कोण, असं मी विचारलं. तिथे धाकटी बहीण होती म्हणे. म्हणजे माळ्यावर ती चढली, धूळ तिने खाल्ली, कबाडीशी भावावरून हुज्जत तिने घातली. आणि घर आवरलं यांनी!

माझं डोकं फिरायला कारण आहे. आमच्या लक्ष्मीनगरच्या घराचंही हेच चाललंय. सासूबाई गेल्या, घराला कुलूप लागलं. दोन्ही मुलगे अमेरिकेत, वन्सं मनीषनगरला. इथे न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजले की तिथे सकाळचे साडेसहा. वन्सं आलमारीसमोर फोन धरून एकेक वस्तू बाहेर काढतात. पितळी गंज. “ताई, थांब, तो ठेव.” दांडा हलणारा सराटा. “तोही ठेव, आईच्या हातातला आहे.” कुलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या. “असू दे.” सुतळीने बांधलेला विजेच्या बिलांचा गठ्ठा. ते विद्युत मंडळ २००५ सालीच मोडलं, त्याच्या महावितरण वगैरे कंपन्या झाल्या; बिलं मात्र शाबूत. “टाकू नकोस, मी आलो की बघतो.”

तासाभराने फोन बंद होतो. हे डोळे पुसून झोपायला जातात आणि वन्सं काढलेलं सगळं परत आत भरतात. मे महिन्यात नागपूरचं ऊन सकाळी आठलाच चटके देतं, हे इथल्या एसीत बसून लक्षातही राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की जो आवरतो त्याने ठरवावं. इथे बसून ‘टाक’ म्हणायला हरकत नाही, ‘ठेव’ म्हणू नये. ‘ठेव’ म्हणणाऱ्याचं काहीच जात नाही. ठेवणाऱ्याला मात्र वाळवीचं औषध मारावं लागतं आणि पावसाळ्यात गच्ची गळते का ते बघायला जावं लागतं. इथे सोफा जुना झाला की आपण तो रस्त्याकडेला ठेवतो, वर ‘फ्री’ची चिठ्ठी लावतो आणि मागे वळून बघत नाही. सगळा जीव अडकतो तो तिथल्या सराट्यात, कारण तो सांभाळायला दुसरं कोणीतरी आहे!

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अख्खं नागपूर आपली इडापिडा मारबतीच्या हवाली करतं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. ‘अर्धी इडापिडा राहू द्या, मी आलो की बघतो’ असा फोन कोणी परदेशातून केल्याचं ऐकिवात नाही.

भावना आहेत ना? मग तेवीस किलोच्या एका बॅगेत मावेल तेवढी यादी आधीच पाठवा. बाकीच्यावर पाणी सोडा. मजूर लावायचे पैसेही न मागता पाठवा. पुस्तकांचं तर बोलायलाच नको. बांधून ठेवलेले दिवाळी अंक कुठलंही वाचनालय हसत घेईल, असं आपण धरूनच चालतो. आधी फोन करून विचारत नाही.

कागदांची गोष्ट मात्र वेगळी. सुधार प्रन्यासच्या लीजचे कागद, आखीव पत्रिका, टॅक्सच्या पावत्या हे रद्दीवाला यायच्या आत बाजूला काढायला सांगा. मुखत्यारपत्र इथून पाठवायचं तर वकिलातीचा शिक्का किंवा नोटरी आणि अपोस्टिल हवं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. आईने हयातीत दिलेलं मुखत्यारपत्र आईबरोबरच संपतं, हेही पुष्कळांना गिऱ्हाईक दारात आल्यावर कळतं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

उपदेश फार झाला, माफ करा. लांब राहून जीव तुटतो तो खोटा नसतो. यांचे डोळे मी रोज बघते. त्या सराट्यावर माझाही डोळा आहे. पण मृत्युपत्र नसेल तर आईच्या घरात मुलीचा वाटा मुलांइतकाच असतो, आणि वन्सं त्याच घरात वाढल्या. एवढ्या कॉलमध्ये “ताई, तुला यातलं काय हवंय?” असं त्यांना एकदाही कोणी विचारलेलं नाही. पुढच्या कॉलची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं मी यांना बजावलं आहे.