निवृत्तिवेतन आणि वाशीमचा शेतकरी

वाशीम जिल्ह्यात सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. सोयाबीनला भाव नाही, कर्ज डोक्यावरून उतरत नाही, शेतकऱ्याला म्हातारपणी कोणी विचारत नाही. मग मास्तर आणि तलाठी यांनाच मरेपर्यंत पैसा कशासाठी? रिसोड-मालेगावच्या बाजारात निघणारा हा प्रश्न हलाखीतून आलेला आहे. तो झिडकारून चालणार नाही. त्याला उत्तर द्यावयाचे तर निवृत्तिवेतन म्हणजे नेमके काय, हे कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतः समजून घेतले पाहिजे.

निवृत्तिवेतन ही सरकारने दिलेली बक्षिशी आहे, हा समज सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच खोडून काढला. 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात घटनापीठाने निर्णय दिला की, निवृत्तिवेतन हा पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला असून तो मालकाच्या मर्जीचा विषय नाही. न्यायमूर्ती द. अ. देसाई यांनी त्या निकालपत्रात घटनेच्या प्रास्ताविकेतील ‘समाजवादी’ या शब्दाचाही आधार घेतला होता. तात्पर्य, हे नोकराचे राखून ठेवलेले वेतन होय.

त्याच वर्षी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अमलात आले. या जुन्या व्यवस्थेत अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम निवृत्तिवेतन म्हणून मिळते आणि तीवर महागाई भत्ता चढतो. समजा, अखेरचे मूळ वेतन 50,000 रुपये आहे. तर निवृत्तिवेतन 25,000 रुपये. त्यातील 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसा घेता येतो. मात्र तेवढी, म्हणजे 10,000 रुपयांची, कपात 15 वर्षे चालते. याशिवाय सेवेच्या प्रत्येक सहामाहीमागे पाव महिन्याच्या वेतनाइतके उपदान, भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक, साठलेल्या रजेचे रोखीकरण आणि मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन.

1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांसाठी ही सारी इमारत शासनाने एका निर्णयासरशी पाडली. तिच्या जागी आलेल्या अंशदान योजनेत नोकराच्या पगारातून दरमहा 10 टक्के कापले जातात, शासन आपला वाटा घालते आणि पैसा बाजारात गुंतविला जातो. निवृत्तीच्या वेळी जमेतील किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते. बाजार चढला तर म्हातारपण बरे, कोसळला तर नशीब! वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्यानंतर सातच वर्षांनी ही रेघ ओढली गेली. परिणामी मंगरूळपीर किंवा मानोऱ्याच्या एकाच कचेरीत शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांच्या वार्धक्याला दोन निराळे न्याय लागू झाले.

जे थोडेफार परत मिळाले ते संघर्षानेच. महागाई भत्त्यासाठी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली 1977-78 साली झालेला 54 दिवसांचा संप जुन्या पिढीला आठवतच असेल. 14 मार्च 2023 रोजी राज्यातील लाखो कर्मचारी पुन्हा संपावर गेले. त्याच मार्चअखेरीस नव्या योजनेतील नोकरांनाही उपदान व कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले. 2024 च्या जानेवारीत, ज्यांच्या पदांची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला. त्या वर्षीच्या 25 ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. तीत पुरेशी सेवा झालेल्यास निम्म्या वेतनाची हमी आहे. परंतु नोकराच्या पगारातील कपात कायम आहे. वीस वर्षे नाकारलेले तत्त्व सरकारला मान्य करावे लागले, पण त्याचा खर्च नोकराच्याच खिशातून वसूल करण्याची सोय ठेवूनच.

आता शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. नव्या योजनेतही शासनाला आपला वाटा दरमहा रोख भरावा लागतो. 2019 पासून तो 14 टक्के आहे. तो पैसा बाजारात जातो. मास्तराचे निवृत्तिवेतन काढून घेतल्याने कारंजाच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात एक छदामही पडलेला नाही. निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. ते 1,000 वरून वाढले 2023 साली. केंद्राचा वाटा तर 60 ते 79 वर्षांच्या वृद्धासाठी अवघा 200 रुपये! खरा अन्याय इथे आहे. जुन्या योजनेचा भार उद्याच्या अर्थसंकल्पावर पडतो, हेही खरे. परंतु तो उचलण्यासाठी कर कोणावर बसवावा, हा राजकीय निर्णय आहे. आणि त्याची किंमत एका गरजवंताने दुसऱ्यासाठी मोजावी, असे मानण्याचे कारण नाही.

कर्मचारी संघटनांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी कामगार आणि शेतमजूर यांच्या म्हातारपणाची मागणी आपल्या मागणीपत्रात न घालता केलेला लढा गावात एकटा पडतो. संपाच्या दिवसांत गावकरी उदासीन राहिले, तर दोष केवळ गावकऱ्यांचा नसतो.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम तालुक्यातालुक्यांत पडले आहे. निवृत्तिवेतनाची प्रकरणे नागपूरच्या महालेखापालांकडे जाण्यापूर्वीच सेवापुस्तकातील अपुऱ्या नोंदींपायी अडतात. ही तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे अगोदर सुरू व्हावी असा नियम आहे. विलंब झाल्यास तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची व व्याजाची तरतूद आहे. शिपायाच्या विधवेला हे कोणी सांगत नाही. सहाही तालुक्यांत तिची कागदपत्रे आणि श्रावणबाळचा अर्ज एकाच बाकावर बसून भरून देणारी केंद्रे निघाली, तर बाजारातल्या त्या प्रश्नाला भाषणापेक्षा अधिक नेमके उत्तर मिळेल.