रस्त्याचा हक आणि हळदीची रांग

उन्हाळ्यात हळदीची आवक वाढली की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. वसमत भागात गाळप सुरू झालं की उसाच्या गाड्यांचं तेच. त्यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "कडेलाच तर उभ्या आहेत!"

कडेला म्हणजे नेमकं कुठे? दुपदरी रस्त्याचं डांबर साधारण 7 मीटर रुंद. ट्रकची रुंदी 2.6 मीटरपर्यंत. तो डांबरावर उभा राहिला की उरतात 4.4 मीटर. समोरासमोर आलेल्या एसटी आणि ट्रकला मिळून 5.2 मीटर लागतात. म्हणजे एकाने थांबायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या मार्गदर्शिकेनुसार सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला 15,000 कार-एकक धरतात, एकपदरी रस्त्याची फक्त 2,000. त्याच हिशेबात ट्रक म्हणजे 3 एकक आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर 4.5. रांग दोनशे मीटरची असली तरी सगळ्या रस्त्याची क्षमता तिथेच ठरते. बाटलीतून पाणी किती वेगाने पडेल ते तिचं तोंड ठरवतं, तसं.

आणि खरा धोका रात्री. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी ट्रॉली अंधारात उभी असते आणि मागून मोटरसायकलवर येणारा असतो आपल्याच वयाचा कुणीतरी.

यात ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं ट्रकवर ड्रायव्हर-क्लीनर आहेत. नंबर जाईल म्हणून गाडी सोडता येत नाही. ना सावली, ना संडास, ना वजूपुरतं पाणी. शेतकऱ्याचंही तेच, बीट होईपर्यंत माल सोडून जाणार कुठे? रांग वाढते ती काट्यावर. समजा, तासाला वीस गाड्यांचं वजन होतं आणि येतात तीस. मग दर तासाला दहा गाड्या, म्हणजे साधारण दीडशे मीटर रांग वाढणारच. पोलिसाने दंड केला तर ती पुढच्या वळणावर सरकेल, एवढंच.

उपाय नवा शोधायचा नाही. न्हावा-शेवाच्या बंदरात कंटेनरच्या गाड्यांसाठी मध्यवर्ती पार्किंग प्लाझा उभारला आहे. गाडी तिथे थांबते, कागदपत्रं होतात आणि मग ती आत जाते. हिंगोली-वसमतला तेवढा पसारा नको. मोबाइलवर टोकन, गावनिहाय दिवस, हंगामापुरतं भाड्याचं मोकळं रान आणि तिथे पाणी, संडास, दिवे.

रस्त्याला त्याचा हक द्या, ही प्रेषितांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हा ईमानचा भाग, हेही. पण जुम्म्याला मशिदीसमोर आपल्याच मोटरसायकली दोन-दोन ओळींत लागतात, तेव्हा ही शिकवण आठवत नाही. बाजार समितीकडे जाण्याआधी तेवढं नीट करायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग पुढचं काम. एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत चार-पाच जणांनी पाळीपाळीने काट्याजवळ उभं राहायचं आणि वहीत लिहायचं: तासाला गाड्या आल्या किती, आत गेल्या किती, रांग कोणत्या खांबापर्यंत पोहोचली. ती वही निवेदनाला जोडून सभापती, तहसीलदार आणि वाहतूक शाखेला द्यायची, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.